खंड, खासदारकी आणि एक खिडकी : लेकॉक ॲबी

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून पश्चिमेकडे सुटलेली गाडी साधारण सव्वा तासात चिपनमला पोचते. लेकॉकला स्वतःचं स्टेशन नाही. चिपनममधून मेलक्शमच्या बाजूला जाणारी बस धरायची आणि पाचेक किलोमीटरवर उतरायचं. परतीच्या बसची वेळ उतरतानाच बघून ठेवावी, संध्याकाळच्या गाड्यांच्या भरवशावर राहू नये. स्वतःची गाडी असेल तर ती गावाबाहेर हिदर वेवरच्या वाहनतळावर लावायची आणि आत चालत यायचं. गावात रस्ते चारच : हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट. चौकोनात फिरलं की गाव संपतं.

बहुतेक लोक इथे सिनेमा-मालिकांच्या शूटिंगची ठिकाणं शोधत येतात. घरांवर अँटेना नाहीत, डोक्यावर तारा नाहीत, त्यामुळे कॅमेरा कुठेही लावला तरी दोनशे वर्षं मागचा काळ आयता मिळतो. आम्ही आलो ते या गावाच्या एका जुन्या मालकासाठी. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८०० ते १८७७). जमीनदार, चिपनमचा खासदार, आणि निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती काढायची जी रीत फिल्मच्या अखेरपर्यंत चालली, तिचा जनक. तिसऱ्या ओळखीमुळे पहिल्या दोन झाकल्या जातात. लेकॉक ॲबीत, म्हणजे जुन्या मठाच्या जागी उभ्या त्याच्या घरात, फिरताना मात्र वाटत राहतं की पहिली नसती तर तिसरी झालीच नसती.

आधी जमीनदारीचं बघू. इंग्रज जमीनदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिकार, घोडे आणि पोर्ट वाइन येते. टॅल्बटच्या वाट्याला सुरुवातीला आलं ते कर्ज. तो पाच महिन्यांचा असताना वडील वारले आणि मागे बोज्याखाली दबलेली इस्टेट ठेवून गेले. आई लेडी एलिझाबेथ ही अर्ल ऑफ इल्चेस्टरची मुलगी. १८०४ मध्ये तिने कॅप्टन फील्डिंग या नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं. दोघांनी ॲबी भाड्याने दिली, स्वतः नातेवाइकांच्या घरी आणि परदेशात दिवस काढले आणि इस्टेट हळूहळू कर्जातून सोडवली. वारस स्वतःच्या घरात राहायला आला तो १८२७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. तोवर हॅरो आणि केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज झालं होतं, १८२१ च्या गणिताच्या परीक्षेत बारावा नंबर आला होता, ग्रीक काव्यरचनेचं पोर्सन पारितोषिकही मिळालं होतं. म्हणजे कुळांचा खंड नियमित जमा होतोय, नोकरी करायची गरज नाही आणि डोकं तल्लख. हा संयोग त्या काळी इंग्लंडात बऱ्याच जणांच्या वाट्याला आला, बहुतेकांनी तो कोल्ह्यांमागे घोडे दौडवण्यात खर्च केला.

खासदारकी समजून घ्यायची तर चिपनमला परत जाताना तासभर आधी निघावं. बाजारपेठेत यील्ड हॉल नावाची लाकडी चौकटींची बसकी इमारत आहे. बरोचा, म्हणजे संसदेत स्वतःचे खासदार पाठवणाऱ्या गावाचा, जुना कारभार इथून चालायचा. चिपनमला दोन खासदार होते. १८३२ च्या सुधारणा कायद्याच्या आधी इथला मताचा हक्क माणसाला नव्हे, ठरावीक घरांना चिकटलेला होता, त्यामुळे जो घरं विकत घेई त्याच्या हातात मतदारसंघ जाई. कायद्याने तो हक्क वर्षाला दहा पौंड किमतीच्या घरात राहणाऱ्या पुरुषांना दिला आणि मतदान दोन दिवसांत उरकायचं बंधन घातलं. मत मात्र अजून उघड, सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं. गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. आता कल्पना करा : घर जमीनदाराचं, दुकानाचं मोठं गिऱ्हाईक जमीनदार, आणि मत कुणाला दिलं ते त्याच संध्याकाळी साऱ्या गावाला ठाऊक.

उमेदवाराची अटही जमिनीचीच. १७१० च्या कायद्याप्रमाणे बरोच्या खासदाराला जमिनीतून वर्षाला किमान ३०० पौंड उत्पन्न असावं लागे, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) खासदाराला ६००. पगार नव्हता, तो १९११ मध्ये सुरू झाला. म्हणजे निवडणुकीचा खर्च आपला, लंडनचं बिऱ्हाड आपलं, वेळही आपला. असा फुकटचा वेळ जमीनवाल्याकडेच असणार.

टॅल्बट डिसेंबर १८३२ मध्ये सुधारणावादी म्हणून निवडून आला आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला कॉन्स्टन्स मंडीशी त्याचं लग्न झालं. ही लोकसभा लहानसहान नव्हती. गुलामगिरी बंद करणारा १८३३ चा कायदा तिचा. ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार संपवणारी आणि बंगालच्या गव्हर्नर जनरलला अख्ख्या हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल करणारी १८३३ ची सनदही तिचीच. आपल्या शालेय इतिहासात हमखास भेटणारा मेकॉले याच सभागृहात होता, तोही १८०० चाच जन्म आणि तोही ट्रिनिटीचाच. मेकॉले भाषणांनी गाजला. टॅल्बटचं नाव तिथे कशासाठी गाजलं नाही. १८३५ मध्ये त्याने खासदारकी सोडली आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंना ते बरंच झालं.

आता ॲबी. तिकिटाची वेळ ठरवताना एक लक्षात घ्या : बाग आणि ओवऱ्या आधी उघडतात, वरच्या खोल्या उशिरा. हिवाळ्यात खोल्यांचे दिवस बदलतात, ते निघण्याआधी तपासावं. खोल्या बंद असतील तर ज्यासाठी यायचं तेच हुकतं.

१२३२ मध्ये सॉल्सबरीची काउंटेस एला हिने जोगिणींचा मठ म्हणून हे बांधलं. आठव्या हेन्रीने मठ मोडले त्यात १५३९ मध्ये हाही गेला आणि विल्यम शॅरिंग्टनने पुढच्या वर्षी ७८३ पौंडांना विकत घेतला. (हा गृहस्थ पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीत हेराफेरी करताना पकडला गेला.) त्याने मठाचं चर्च पाडलं, ओवऱ्या ठेवल्या आणि वर घर चढवलं. चर्चची उत्तरेकडची भिंत उरली, तीच आता घराची दक्षिणेची भिंत. हे बाहेरून हिरवळीवर उभं राहून बघावं : खाली मठाचा दगड, वर १८२७ नंतर टॅल्बटने बसवून घेतलेल्या, भिंतीबाहेर काढलेल्या तीन खिडक्या. त्यांतली मधली खिडकी आपली.

आत गेल्यावर ती साउथ गॅलरीत भेटते, आणि पहिली प्रतिक्रिया बहुधा 'एवढीशीच?' अशी होते. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान काचांची जाळी, दक्षिणेचा उजेड, बस. ऑगस्ट १८३५ मध्ये टॅल्बटने हिच्यासमोर एक लाकडी पेटी ठेवली आणि आत उमटलेला कागद काढला. मूळ कागद टपाल तिकिटापेक्षा थोडाच मोठा आहे. शेजारी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय की ताज्या चित्रात भिंगातून बघितलं तर सुमारे २०० काचा मोजता येत होत्या. जगातली सर्वांत जुनी टिकलेली कॅमेरा निगेटिव्ह ती हीच. मूळ कागद सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे, इथे प्रतिकृती बघायला मिळते. ते योग्यच, कारण तो कागद आजही प्रकाशाला पुरता मेलेला नाही.

खिडकीच का निवडली असेल? तिथे उभं राहिलं की कळतं. त्या काळच्या कागदाला निळा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच तेवढा जाणवे. हिरवं झाड, लाल वीट, पिवळट दगड त्याला जवळजवळ काळेच. आकाश मात्र झटकन उमटे. आकाश आणि त्यापुढे काळी जाळी यापेक्षा सोपा विषय नाही. तुम्हीही फोनने फोटो काढाल तर फोन भिंत उजळायला जाईल आणि खिडकी पांढरी फटक पडेल. काचेवर बोट ठेवून प्रकाश तिथून मोजू द्या, मग उजेड थोडा कमी करा, जाळी नीट येईल.

सगळं सुरू झालं ते चित्रकला जमत नव्हती म्हणून. ऑक्टोबर १८३३ मध्ये, खासदार असतानाच, टॅल्बट इटलीत कोमो सरोवराकाठी कॅमेरा ल्युसिडा घेऊन बसला होता. दांडीवर लावलेला एक लोलक, त्याच्या कडेवर डोळा ठेवायचा : अर्ध्या बुबुळाला समोरचं दृश्य दिसतं, अर्ध्याला कागद, मग पेन्सिलीने गिरवायचं. डोळा केसभर हलला की रेघ सरकते. बायको आणि बहिणी चांगलं रेखाटत, याच्या कागदावर गिचमिड. मग डोक्यात आलं की दृश्याने स्वतःच कागदावर उमटावं. १८३४ च्या वसंतात लेकॉकला परतल्यावर प्रयोग सुरू झाले.

कृती साधी आहे, पण मेख प्रमाणात आहे. चांगला लिहायचा कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, मग एका बाजूला सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण लावायचं. कागदाच्या धाग्यांत सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि ते उन्हात काळवंडतं. एवढं आधीही लोकांना ठाऊक होतं. टॅल्बटच्या नजरेत आलं ते दुसरंच : कागद सगळीकडे सारखा काळा होत नाही, कडेकडेचे काही पट्टे आधी काळे होतात. कारण तिथे मीठ कमी पोचलेलं असे. म्हणजे मीठ थोडं आणि चांदी जास्त असेल तर कागद चपळ, आणि मीठ जास्त झालं की कागद मंद. मग हेच त्याने उलटं वापरलं. चित्र उमटलं की कागद कडक मिठाच्या पाण्यात टाकायचा, उरलेला भाग मंदावतो आणि चित्र टिकतं. एकाच मिठाने कागद जागाही करायचा आणि झोपवायचाही! मिठाने स्थिर केलेल्या चित्रांना जांभळट छटा येई, पोटॅशियम आयोडाइडने केलेल्यांना फिकट पिवळी. गेटजवळच्या जुन्या कोठारात १९७५ पासून असलेल्या फॉक्स टॅल्बट म्युझियममध्ये या छटा लक्षात ठेवून बघा, कुठली पद्धत ते लेबल न वाचता सांगता येतं.

घरी करून बघायचं असेल तर आजची प्रमाणं देतो. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम साधं मीठ, आयोडीनचं नको. जलरंगाचा कागद दोन-तीन मिनिटं बुडवून दोरीवर वाळवायचा. कागद विकत घेताना त्यात खडूचा अंश नाही ना ते विचारा. टिकाऊपणासाठी बहुतेक कागदांत तो घातलेला असतो आणि तोच चित्रावर धुरकटपणा आणतो. मंद पिवळ्या दिव्याखाली १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात १२ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवायचं. नळाचं पाणी घेतलंत तर त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण लगेच दुधाळ होतं, म्हणजे चांदी वाया. ब्रशला पत्र्याची पट्टी नको, धातू लागला की काळे ओघळ येतात. वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या कागदाला मिलिलिटरभर पुरतं. आधी आडवं, मग उभं फिरवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओल राहिली तर कागद काचेला चिकटतो, डाग पडतात. हातमोजे आणि चष्मा लावाच : बोटं काळी झाली तर आठवड्यात निघतील, डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते.

वर नेच्याचं पान किंवा लेस ठेवून काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. लेकॉकच्या फिक्या उन्हात वीस मिनिटं लागतील, आपल्याकडे दुपारी त्याहून पुष्कळ कमी. हवं त्यापेक्षा बरंच गडद, चॉकलेटी होईपर्यंत थांबा, कारण पुढे रंग उतरतो. मग मिठाच्या पाण्यात धुवायचं, दुधाळपणा थांबेपर्यंत. नंतर हायपो (सोडियम थायोसल्फेट), लिटरला १०० ते १५० ग्रॅम, चार मिनिटं, मग ताज्या हायपोत पुन्हा चार मिनिटं. हा हायपो टॅल्बटचा नव्हे. जॉन हर्शेल या त्याच्या खगोलशास्त्रज्ञ मित्राने तो १८३९ मध्ये सुचवला. शेवटी वाहत्या पाण्यात पाऊण तास. घाई केलीत की वर्षभरात पांढरा भाग पिवळा पडतो. वापरलेल्या हायपोत चांदी असते, तो मोरीत ओतू नका.

धुण्यातली ही घाई टॅल्बटच्या अंगाशी आली. त्याचा जुना खासगी नोकर निकोलास हेनमन याने रेडिंगमध्ये छपाईचा कारखाना काढला. तिथे उन्हात छापलेली चित्रं हाताने चिकटवून १८४४ ते १८४६ या काळात २४ चित्रांचं पुस्तक सहा हप्त्यांत निघालं. बाजारात आलेलं फोटोंचं पहिलं पुस्तक म्हणतात ते हेच. पण प्रती हजारोंनी काढायच्या आणि धुवायला पाणी कमी, त्यामुळे कित्येक चित्रं ग्राहकांच्या घरी जाऊन फिकी पडली. १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीला फोटो फिके का पडतात हे शोधायला समिती नेमावी लागली.

१८३५ ची खिडकी झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसला, हे मला अजूनही पचत नाही. गणित, वनस्पती, प्राचीन भाषा यांत तो रमला. जमीनदाराला घाई नसते, जमीन कुठे पळून जाते? ७ जानेवारी १८३९ ला पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच चित्रकाराच्या फोटो काढण्याच्या शोधाची घोषणा झाली आणि इकडे धावपळ उडाली. २५ जानेवारीला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जुनी चित्रं मांडली, ३१ ला रॉयल सोसायटीत निबंध वाचला. दागेरचं चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर, लखलखीत आणि बारीक, पण एकच. टॅल्बटचं खरखरीत, पण त्याच्या प्रती निघत. कोणतं पुढे टिकलं ते आपण जाणतोच.

खरी उडी सप्टेंबर १८४० ची. तोवर पेटीत चित्र डोळ्यांना दिसेपर्यंत कागद ठेवावा लागे, कधी तासभरही. आता त्याला आढळलं की थोडा वेळ प्रकाश लागलेल्या कोऱ्या कागदातही चित्र दडलेलं असतं आणि गॅलिक ॲसिडने ते वर येतं. वेळ मिनिटावर आला. गॅलिक ॲसिड ओक झाडावरच्या गाठींतून निघतं. आपल्या बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे तीच गाठ. १८४१ च्या पेटंटातली मापं आजच्या हिशेबात अशी : साडेसहा ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १७० मिलिलिटर पाण्यात, ते लावून वाळवलेला कागद ३२ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घातलेल्या ५७० मिलिलिटर पाण्यात दोन-तीन मिनिटं, मग धुऊन ठेवून द्यायचा. वापरण्याआधी त्यावर सिल्व्हर नायट्रेट, ॲसेटिक ॲसिड आणि गॅलिक ॲसिड यांचं मिश्रण लावायचं. हे मिश्रण टिकत नाही, लागेल तेवढंच करायचं. पेटीतून काढल्यावर तेच मिश्रण पुन्हा लावून कागद मंद आचेवर धरायचा, की कोऱ्यातून चित्र वर येतं.

पेटंट घेतलं आणि मग टॅल्बट पुरता जमीनदार झाला. शोध म्हणजे जणू वतन : ज्याला कसायचंय त्याने खंड भरावा. धंदेवाईक फोटोग्राफरांना परवान्यासाठी दरसाल पैसे मोजावे लागत. पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हतं, म्हणून एडिंबरात हिल आणि ॲडमसन मोकळेपणी कामाला लागले आणि या पद्धतीचं सर्वांत देखणं काम तिथेच झालं. १८५२ मध्ये मित्रांच्या आग्रहावरून त्याने धंद्याची व्यक्तिचित्रं सोडून बाकी सगळं मोकळं केलं. तरीही काचेवर कोलोडियन नावाचा चिकट थर देऊन फोटो काढायच्या नव्या रीतीलाही माझंच पेटंट लागू, असा त्याचा दावा होता. डिसेंबर १८५४ मध्ये लारोश या फोटोग्राफरवरच्या खटल्यात ज्यूरीने सांगितलं की पहिला शोध टॅल्बटचा खरा, पण लारोशने त्याचा भंग केलेला नाही. पुढे त्याने पेटंटची मुदत वाढवून घेतली नाही.

नेमक्या त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांत होते. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला वास्तूंचे फोटो काढायला नेमलं, आणि त्याने विजापूर, बदामी, ऐहोळे इथे टॅल्बटच्या घराण्यातल्याच कागदी निगेटिव्ह वापरल्या. कारण व्यवहारी होतं. काचेवरचं कोलोडियन ओलं असतानाच वापरावं लागतं, आपल्या उन्हात ते मिनिटांत सुकतं. काचा बैलगाडीत फुटतात. कागद आधी तयार करून गठ्ठ्यात नेता येतो. जिथे खंड वसूल करायला कुणी नव्हतं तिथे पीक चांगलं आलं, असं म्हणायला हरकत नाही.

ॲबीच्या बाकी खोल्या भराभर बघितल्या तरी चालेल. उतारवयात टॅल्बट प्राचीन इराकमधल्या क्यूनिफॉर्म (कीलाक्षर) लिपीकडे वळला. १८५७ मध्ये एकाच अश्शूरी लेखाची चार जणांकडून स्वतंत्र भाषांतरं करून ताडून बघितली गेली, त्या चौघांत तो होता. १७ सप्टेंबर १८७७ ला तो इथेच वारला, थडगं गावच्या दफनभूमीत आहे. नात मटिल्डा टॅल्बट यांनी १९४४ मध्ये ॲबी आणि बहुतेक सगळं गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली १२२५ ची मॅग्ना कार्टाची प्रतही त्यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिली.

बस यायला वेळ असेल तर जॉर्ज इनमध्ये डोकवा. चुलीजवळच्या भिंतीवर एक लाकडी चाक आहे. त्यात कुत्रं पळवायचे आणि त्याने मांसाची सळई फिरायची. गावातल्या बहुतेक घरांत आजही भाडेकरूच राहतात. भाडं ट्रस्टकडे जातं.